कपाळावरचा स्नॉर्कल घेतला आणि विहिरीत शिकलेली मान शेवटी खाली गेली

पोहण्यातली फ्रीस्टाइल सुधारायची म्हणून दोन वर्षांत मी बरंच काही विकत घेतलंय, हाताला लावायचे पॅडल्स झाले, छोटे फिन्स झाले, मांड्यांत धरायचा पुल बॉय झाला, आणि त्यातलं निम्मं आता कपाटाच्या खालच्या कप्प्यात पडून आहे. एकच वस्तू अशी आहे की ती घरी राहिली तर मी अर्ध्या रस्त्यातून गाडी वळवून परत आणायला जाते, ती म्हणजे सेंटर स्नॉर्कल, तोंड पाण्यात ठेवूनच श्वास घ्यायचा पाईप. तीन महिने, आठवड्यातून चार दिवस वापरलाय. आता नीट लिहिते, कारण घ्यायच्या आधी मी शोधलं तेव्हा मराठीत याबद्दल काही सापडलं नव्हतं आणि पहिल्यांदा मी चुकीचाच घेऊन बसले होते.

आधी एक गोंधळ मिटवते. तारकर्ली-मालवणला गेल्यावर बोटवाले जो देतात ना, मास्कच्या बाजूला अडकवलेला वाकडा पाईप, तो हा नाही. तो कानाजवळून वर जातो, तरंगत तरंगत खालचे मासे बघायला ठीक आहे, पण फ्रीस्टाइलमध्ये अंग डावी-उजवीकडे फिरतं, तेव्हा तो एका बाजूला कलतो, पाणी भरतं आणि दंड त्याला घासतो. सेंटर स्नॉर्कल तोंडातून निघून नाकासमोरून, दोन डोळ्यांच्या मधून कपाळावर जातो, तिथे एक प्लास्टिकची पट्टी असते, तिच्या आत सिलिकॉनची गादी आणि डोक्यामागून पट्टा. फिनस्विमिंग म्हणून एक वेगळा खेळ आहे, दोन्ही पायांना मिळून एकच मोठा पंख लावून पोहतात, ते लोक असाच मधला पाईप वापरतात. आपल्या नेहमीच्या पोहण्याच्या शर्यतीत हा चालत नाही, ही फक्त सरावाची वस्तू आहे हे लक्षात ठेवा.

आता मला याची गरज का पडली ते सांगते. मी मूळची वाळवा तालुक्यातली, पोहायला शिकले ती आमच्या मळ्यातल्या विहिरीत, पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून. तात्या म्हणजे माझे चुलते, ते काठावर उभे राहून एकच ओरडायचे, "मान वर धर पोरी, न्हाईतर नाकातोंडात पाणी जाईल." विहिरीत ते बरोबरच होतं. पाणी खोल, हिरवंगार, खालचं काही दिसत नाही, वरून पोरं उड्या टाकतायत, तिथे मान वर ठेवून इकडेतिकडे बघतच पोहावं लागतं. आठव्या वर्षी मी डब्याशिवाय विहीर आडवी पार केली आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. पण चाळिशीत पुण्यात टँकवर यायला लागले तेव्हाही ती मान तशीच वर होती.

मान वर असली की काय काय बिघडतं हे समजायला मला फार वेळ लागला. डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं, पाण्यात असेपर्यंत पाणीच ते पेलतं, बाहेर काढलं की ते ओझं तुमचं. छातीत फुप्फुसं हवेने भरलेली म्हणून वरचं अंग तसंही तरंगतं, पाय मात्र खाली जायलाच बघतात, त्यात डोकं वर उचललं की कंबर खाली, कंबर गेली की पाय गेले, आणि मग आपण आडवे न राहता तिरके होऊन छातीने पाणी ढकलत पुढे जातो. पाणी हवेपेक्षा साधारण ८०० पट दाट आहे, त्यात असं तिरकं होऊन पोहणं म्हणजे किती ताकद वाया जात असेल बघा. मला वाटायचं माझा स्टॅमिनाच कमी आहे, म्हणून मी सकाळी चालणं वाढवलं, जिने चढले, प्राणायाम सुद्धा केला. ५० मीटरनंतर धाप लागायची ती लागायचीच.

कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचे व्हिडिओ मी कितीदा बघितलेत, शेजारच्या जिल्ह्यातला मुलगा २००८ ला बीजिंग ऑलिंपिकपर्यंत फ्रीस्टाइलमध्ये गेला याचं आमच्याकडे फार कौतुक, पण मी बघायचे ते हात किती जोरात फिरतायत तेवढंच. डोकं कुठे आहे हे बघायचं असतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. टँकवरच्या सरांनी सांगितलं. "मॅडम, हात चांगले आहेत तुमचे, पण दर दुसऱ्या हाताला तुम्ही थांबता, श्वास घ्यायच्या वेळी बाकीचं सगळं सोडून देता." मग म्हणाले महिनाभर श्वासाचं कामच काढून टाकू, स्नॉर्कल आणा.

तर पहिला आणला तो ७५० रुपयांचा, ऑनलाइन, फोटो छान होता. त्याची कपाळावरची पट्टी एवढी लवचिक की भिंतीला पाय मारून निघालं की पाईप आख्खा थरथरायचा आणि दोन लॅपनंतर, म्हणजे टँकच्या दोन लांब्या झाल्या की, नाकावर घसरायचा. तोंडात धरायचा भाग इतका कडक होता की तिसऱ्या दिवशी जबडा दुखायला लागला, पोळी चावताना कळ यायची. आठ दिवसांत बाजूला ठेवला. दुसरा २,३०० चा घेतला, दुकानात जाऊन, कपाळाला लावून बघून. फरक तीन ठिकाणी आहे असं मी म्हणेन, कपाळाची गादी रुंद आणि मऊ, मागचा पट्टा दोन पदरी, आणि माउथपीस मऊ सिलिकॉनचं, बदलता येणारं. घेताना दुकानातच तो कपाळाला लावून डोकं जोरात डावी-उजवीकडे हलवा, पाईप डोक्याबरोबर हलला तर घ्या, मागून येत असेल तर नका घेऊ. पाईपची जाडीही बघा. मुलांसाठी वेगळा लहान साइज येतो, तो आखूड आणि बारीक असतो, मोठ्यांनी तो घेतला तर हवा पुरत नाही.

पहिला आठवडा वाईट जातो, हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते. तोंडाने श्वास घ्यायचा आणि नाक पाण्यात उघडं, मेंदूला हे पटतच नाही. पहिल्या दिवशी मी चार हात मारले आणि नाकातून पाणी थेट कपाळापर्यंत चढलं, डोळ्यांतून पाणी, खोकला, दोरीला धरून उभी. सरांनी मग मला पोहूच दिलं नाही, शॅलोमध्ये, म्हणजे उथळ भागात, भिंतीला धरून, तोंड पाण्यात घालून नुसता श्वास घ्यायला लावला, वीस मिनिटं. तोंडाने आत, आणि बाहेर सोडताना तोंडाबरोबर थोडा नाकातूनही, बुडबुडे दिसले पाहिजेत. नाकातून हवा बाहेर जात असेल तर पाणी आत येत नाही, एवढी साधी गोष्ट आहे. दोन दिवस तेच, मग भिंत सोडून नुसतं तरंगत तेच, मग हळू किक मारत. नाकाला लावायची क्लिप मिळते, ती लावली तर पहिल्याच दिवशी सोपं जातं, पण मग नाकातून सोडायची सवय लागत नाही आणि स्नॉर्कल काढल्यावर ती लागतेच, म्हणून ज्यांना अगदीच जमत नाही त्यांनीच आठवडाभर क्लिप लावावी असं माझं मत.

पाईपमध्ये पाणी गेलं तर घाबरायचं नाही, जोरात "फू" करून एक फुंकर मारायची, वरून फवारा उडतो आणि पाईप मोकळा. ही फुंकर जमेपर्यंत डीपमध्ये, म्हणजे खोल भागात, जाऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगते.

आणि मग दुसऱ्या आठवड्यात ते झालं ज्याच्यासाठी मी हा सगळा लेख लिहितेय. टँकच्या तळाला प्रत्येक लेनच्या मध्यावर काळी रेघ असते, फरशीची, आमच्याकडे साधारण वीतभर रुंद. दोन वर्षं मी त्या रेघेवरून पोहत होते आणि मी ती कधी धड बघितलीच नव्हती, कारण डोकं सतत वर नाहीतर उजवीकडे. स्नॉर्कल लावल्यावर पहिल्यांदा पूर्ण २५ मीटर ती रेघ डोळ्यांखालून सलग सरकताना दिसली. आणि तिच्यावर माझा डावा हात दिसला. तो पाण्यात शिरायचा तो सरळ खांद्यासमोर नाही, रेघ ओलांडून पार उजव्या बाजूला जायचा. प्रत्येक वेळी! उजवा हात रेघेच्या उजवीकडे नीट, आणि डावा पण उजवीकडेच. म्हणजे मी दर दोन हातांमागे एकदा स्वतःला वाकडं करत होते आणि मग पायाने ते सरळ करत होते, कंबर सापासारखी वळवळायची ती त्यामुळे. सर मला हे सांगत होते, लेकीने काढलेल्या व्हिडिओतही दिसत होतं, पण स्वतःच्या डोळ्यांनी, तो हात जात असतानाच बघणं वेगळं असतं. त्या दिवसापासून मी रेघ हीच खूण धरली, डावा हात रेघेच्या डावीकडे, उजवा उजवीकडे, मधली रेघ मोकळी दिसली पाहिजे. सुरुवातीला डावा हात अगदी बाहेर फेकतेय, इंग्रजी व्हाय अक्षरासारखी पसरलेय असं वाटायचं, व्हिडिओ बघितला तर तो कुठे आत्ता खांद्यासमोर आलेला. म्हणून आपल्याला काय वाटतंय यावर विसंबू नका, कोणालातरी समोरून शूट करायला सांगा.

त्याच रेघेचा अजून एक उपयोग कळला. भिंतीच्या दोन मीटर आधी ती संपते आणि तिथे आडवी रेघ येते, टी सारखी. मी भिंत आली का बघायला शेवटच्या पाच-सहा हातांना मान वर काढायचे, आता टी दिसली की कळतं.

दुसरी चूक जास्त खोल होती. मी श्वास उजवीकडे घेते. उजवीकडे तोंड वळवताना डावा हात पुढे लांब राहिला पाहिजे, मी मात्र तो हात खाली दाबायचे, म्हणजे त्याच्यावर भार देऊन डोकं वर उचलायचे. लेक व्हिडिओ दाखवताना म्हणाली, "आई, तू बघ ना, टेबलावर कोपर टेकून उठतेस तसं करतेस." अगदी तसंच होतं ते. खाली दाबलेलं पाणी तुम्हाला वर उचलतं, पुढे नेत नाही. पुढे जायचं तर पाणी मागे ढकलायला हवं, त्यासाठी आधी बोटं खाली झुकली पाहिजेत, मग मनगट, आणि कोपर वरच राहिलं पाहिजे, पिंपावर वरून हात टाकून त्याला मिठी मारतो तसं. याला कॅच म्हणतात आणि फ्रीस्टाइलमधलं सगळ्यात अवघड काम हेच. पण जोपर्यंत त्या हाताला डोकं उचलायचं काम आहे तोपर्यंत तो कॅच करूच शकत नाही, हे स्नॉर्कल लावल्यावर उमगलं, कारण पाईप लावला की डोकं उचलायचं कारणच उरत नाही, हात मोकळा होतो. पहिल्यांदा डावा हात पुढे लांब राहिला आणि मी नुसती सरकत गेले, दीड-दोन सेकंदच असेल, पण अंगाखालून पाणी सरकल्याचं जाणवलं. भिंतीला पोचून मी मोठ्याने सरांना हाक मारली.

स्नॉर्कल लावून मी जे ड्रिल, म्हणजे एकेका गोष्टीच्या सरावाचे प्रकार, केले त्यात मला सगळ्यात फायदा झाला तो मुठी मिटून पोहण्याचा. तळवा नसला की पाणी धरायला पुढचा हात, म्हणजे कोपर ते मनगट, वापरावाच लागतो, कोपर आपोआप वर राहतं. २५ मीटर मुठी, पुढचे २५ उघडे हात, उघड्या हाताने मग केवढं पाणी हाताला लागतंय ते कळतं. दुसरं, डोक्यापुढे दोन्ही हात लांब ठेवून स्कलिंग, पाण्यात आडवा आठ काढल्यासारखे तळवे आत-बाहेर, कंटाळवाणं आहे पण करा. कॅच-अप, म्हणजे एक हात पुढे येऊन दुसऱ्याला टेकल्यावरच दुसरा निघतो, तोही केला, पण माझा डावा आधीच आत यायची सवय असल्यामुळे सरांनी तो लवकर बंद करायला लावला, हात टेकवायच्या नादात परत मध्यावर यायला लागले होते.

किकसाठी तर मी आता किकबोर्ड वापरतच नाही. बोर्ड धरला की मान आपोआप वर येते, तीच जुनी सवय, आणि पाय गुडघ्यातून सायकलसारखे चालतात. स्नॉर्कल लावून हात पुढे लांब, तोंड खाली, आणि किक कमरेपासून, टाचा जेमतेम पाण्याबाहेर. गुडघा थोडा वाकतो, वाकू दे, पण किक तिथून सुरू व्हायला नको. घोटे सैल. माझे घोटे फार कडक होते, पंजा ताणला तरी सरळ होत नव्हता, रोज रात्री टीव्ही बघताना टाचांवर बसायला लागले, वज्रासनात बसतो तसं, दोन महिन्यांत फरक पडला.

आणि श्वासाचा आवाज. पाईपमधून स्वतःचा श्वास मोठ्याने ऐकू येतो. मला वाटायचं मी पाण्यात व्यवस्थित श्वास सोडते. ऐकल्यावर कळलं की श्वास आत जातो आणि मग काहीच आवाज नाही, दोन हात होईपर्यंत शांतता, आणि मग एकदम सगळा बाहेर. म्हणजे मी धरून ठेवत होते. धाप लागत होती ती हवा कमी पडत होती म्हणून नाही, आतली जुनी हवा बाहेरच पडत नव्हती म्हणून. आता सोडणं सलग करते, आवाज तुटला की कळतं.

आता आकडे, कारण नुसतं छान वाटतंय यावर कोणी २,३०० रुपये घालू नये. आमचा टँक २५ मीटरचा, माझी उंची पाच फूट दोन इंच. सुरुवातीला एका लॅपला २७ हात आणि ३६ सेकंद लागायचे, प्रत्येक हात मोजून. तीन महिन्यांनी स्नॉर्कलसह २० हात, आणि स्नॉर्कल काढून २२ हात, ३१ सेकंद. हात आणि सेकंद यांची बेरीज करायची पद्धत आहे, पोहणाऱ्यांच्या घड्याळात तिला स्वॉल्फ म्हणतात, ती ६३ वरून ५३ वर आली. आणि मुख्य म्हणजे ५० ला थांबणारी मी आता न थांबता ६०० करते. यात सरांचं शिकवणं आहे, घोट्यांचं बसणं आहे, सगळं पाईपनेच केलं असं मी म्हणणार नाही. पण याच सरांकडे मी आधी सात-आठ महिने होते आणि २७ चे २६ सुद्धा झाले नव्हते.

न आवडलेल्या गोष्टीही लिहिते.

पाईपमध्ये आपण सोडलेली थोडी वापरलेली हवा उरते आणि पुढच्या श्वासात आधी तीच परत आत येते. म्हणून छोटे छोटे उथळ श्वास घेतले तर डोकं जड होतं, मला दुसऱ्या आठवड्यात दोन वेळा दुखलंही. श्वास खोल आणि सावकाश घ्यायचा, आणि दमल्यावर लगेच स्नॉर्कल लावून जोरात पोहायचं नाही. पाईपच्या तोंडावर बसवायची बारीक भोकाची टोपी काही कंपन्या विकतात, फुप्फुसांचा व्यायाम म्हणून, आपल्यासारख्यांनी तिच्या नादी लागू नये असं मला वाटतं. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा पाईप सुद्धा नको.

दुसरं, अंग फिरायचं कमी होतं. नेहमी श्वासासाठी उजवीकडे वळतो तेव्हा खांदा, कंबर सगळं वळतं, पाईप लावला की वळायचं कारण जातं आणि आपण फळीसारखे सपाट पोहायला लागतो. महिन्याभरात माझा उजवा खांदा कुरकुरायला लागला, कारण हात वर काढताना खांदा पाण्यातच राहत होता. सरांनी तेव्हा एका कुशीवर सहा किक, मग हात मारून दुसऱ्या कुशीवर सहा किक, असं करायला लावलं, डोकं खाली स्थिर आणि फक्त अंग फिरायचं. खांद्याची कुरकुर थांबली. जे एकटे सराव करतात त्यांनी हे ड्रिल पहिल्या दिवसापासून घ्यावं.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्नॉर्कल श्वास घ्यायला शिकवत नाही. तो फक्त श्वास बाजूला ठेवतो. महिन्यानंतर मी तो काढला तर पहिल्या लॅपला मान तशीच वर! रडू यायचं बाकी होतं. मग सरांनी ५० मीटर लावून, ५० काढून, असं अदलाबदलीने सुरू केलं, आणि काढलेल्या ५० मध्ये एकच गोष्ट बघायची, श्वास घेताना गॉगलची एक काच पाण्यात राहिली पाहिजे. डोकं पुढे सरकतं तेव्हा त्याच्यासमोर पाणी फुगतं आणि गालाजवळ खळगा पडतो, त्या खळग्यात तोंड पाण्याच्या पातळीच्या जरा खालीच मोकळं मिळतं, वर उचलायची गरज नाही. पण डोकं उचललं की खळगा राहत नाही, मग अजून उचलावं लागतं, असं ते चक्र. हे जमायला मला अजून पाच आठवडे लागले. जे लोक सहा-सहा महिने काढतच नाहीत त्यांचं पुढे काय होतं हे मी आमच्याच बॅचमध्ये बघितलंय, स्नॉर्कलसह सुरेख आणि काढला की ५० मीटर नाही.

टँकवर काय अनुभव आला तेही सांगते. मी दुपारच्या लेडीज बॅचला जाते. पहिल्याच दिवशी लाइफगार्ड म्हणाला, "ताई, असलं काही लावून चालत नाही इथं." दुसऱ्या एका टँकवर चालतं, म्हणजे नियम सगळीकडे सारखा नाही. मी ऑफिसमध्ये जाऊन, सरांना बरोबर घेऊन बोलले, कडेच्या लेनमध्ये वापरायची परवानगी मिळाली. घेण्याआधी आपापल्या टँकवर विचारा. आणि गर्दीच्या बॅचला वापरू नका, तोंड खाली असल्यामुळे समोरून येणारं माणूस उशिरा दिसतं, माझी एकदा एका काकूंशी टक्कर होता होता वाचली. त्याच काकूंना नंतर तो फार आवडला, त्यांना मानेचा त्रास आहे, वळवली की दुखते, डॉक्टरांना विचारून त्यांनी स्वतःचा घेतला. दुसऱ्याचा तोंडात घालू नका हं, घरातल्याचा सुद्धा.

बायकांसाठी एक अगदी कामाची गोष्ट. केस लांब असतील तर अंबाडा टोपीखाली कुठे येतो यावर सगळं आहे. मी उंच बांधायचे, पट्टा त्याच्यावरून घसरून मानेवर यायचा आणि पाईप वर उचलला जायचा. आता मानेजवळ खाली बांधते आणि पट्टा त्याच्या वरच्या बाजूने, गॉगलचा पट्टा आधी, स्नॉर्कलचा नंतर. आणि पोहायच्या दिवशी डोक्याला तेल नाही, कपाळाला सनस्क्रीन नाही, गादी सरकते.

खाली तोंडाजवळ एक व्हॉल्व्ह असतो, शर्टाच्या बटणाएवढी पातळ रबराची चकती, फुंकर मारली की पाणी तिथून बाहेर जातं. सगळ्या मॉडेलला नसतो. माझ्यात आठवडाभर गुळगुळ आवाज यायला लागला, प्रत्येक श्वासाला थोडं पाणी घशात, मला वाटलं २,३०० पाण्यात गेले. उजेडात धरून बघितलं तर चकतीखाली एक केस अडकलेला, जेमतेम दोन इंचांचा. काढला, संपलं. घरी आल्यावर साध्या पाण्याने आतून धुवा, सावलीत उभा टांगून वाळवा, आठवड्यातून एकदा पाण्यात थोडं व्हिनेगर घालून बुडवून ठेवा आणि नंतर स्वच्छ धुवा. ओल्या बॅगेत ठेवला तर आत काळे ठिपके धरतात आणि ते आपण श्वासाबरोबर घेणार.

मे महिन्यात गावी गेले होते. विहिरीला पाणी कमी होतं पण पोहण्यापुरतं होतं, पाईप घरातच ठेवला आणि उतरले. खाली रेघ नाही, काही नाही, नुसतं हिरवं. डोकं खाली घालून चार-पाच हात मारले असतील तेवढ्यात वरून तात्यांचा आवाज आला, "अगं ए, बुडतीस का काय?" ते ७६ वर्षांचे आहेत, काठावर पार पुढे आले होते. मी वर येऊन सांगितलं, तात्या असंच पोहायचं असतं म्हणे. त्यांनी परत एकदा पोहायला लावलं, नीट बघितलं, आणि म्हणाले, "पाय वर आल्यात की गं तुझं." एवढ्या लांबून, चष्मा न लावता, त्यांना तेच दिसलं जे सरांना मोबाइलवर थांबवून थांबवून दाखवावं लागलं होतं.

पुढचं ठरवलंय ते असं. डिसेंबरात मालवणला चिवला बीचवर समुद्रात पोहायची स्पर्धा असते, तिथे उतरायचं आहे. लांब पोहणाऱ्या लोकांबद्दल वाचत असते, पुण्याच्या रोहन मोरे यांनी २०१८ मध्ये ओशन्स सेव्हन, म्हणजे जगातल्या सात अवघड खाड्या पूर्ण केल्या, आणि इंग्लिश खाडीसारख्या ठिकाणी साधा कॉश्च्युम, टोपी, गॉगल असल्या मोजक्या गोष्टींपलीकडे काही चालत नाही. मी तेवढी मोठी स्वप्नं बघत नाहीये, पण समुद्रात पाईपचा उपयोग नाही हे नक्की, लाट आली की भरतो. म्हणून ऑक्टोबरपासून स्नॉर्कल फक्त वॉर्मअपचे पहिले २०० मीटर आणि मुठींचं ड्रिल एवढ्यापुरताच ठेवणार आहे. आणि समुद्रात तळाला रेघ नसते, दर आठ-दहा हातांनी पुढचा बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, बघायला डोळे वर काढावेच लागतात, मगरीसारखे फक्त डोळे, आणि लगेच परत खाली. सरांनी परवा ते करून बघायला लावलं. बाकीच्या बायकांना दोन-तीन दिवस गेले, मला पहिल्या फेरीत जमलं, मान वर काढून पोहायची सवय तात्यांनी लावलीच होती, आता ती किती वेळ वर ठेवायची तेवढंच शिकायचं आहे.